अंगण खरंच वाकडं असेल तर

गेल्या वर्षी गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात रात्री पावणेबाराला दादाचा फोन आला. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तासगावला राहतो. आमच्या घरात रात्री दहानंतर फोन वाजला की कुणीतरी गेलं, असंच धरून चालतात. मी धडपडत उचलला. पलीकडून आवाज आला, "संपला रे. आठ-चार. राणी सोडवली."

मला कळायला जरा वेळ लागला. दादा 'सुपर मारिओ ब्रदर्स'बद्दल बोलत होता. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, एकूण बत्तीस. त्यातला शेवटचा किल्ला म्हणजे आठ-चार. लहानपणी दादाला तो कधीच जमला नव्हता. आता त्रेचाळिसाव्या वर्षी, टॅबच्या काचेवर बोटं फिरवत, त्यानं तो सर केला होता आणि ते सांगायला त्याला मी आठवलो होतो.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "रिवाइंड वापरलंस ना?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "वापरलं की. आपला धंदाच आहे तो." आणि हसला. दादाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे; आसपासच्या द्राक्षबागांवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात. "झोप आता," म्हणून त्यानं फोन ठेवला. झोप अर्थातच मला लागली नाही.

हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे. तो मी का विचारला, आणि तो विचारण्याचा मला अधिकार होता का?

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या गेमचं यंत्र आता जवळ नसलं तरी फोन किंवा टॅब त्या यंत्राचं सोंग घेऊ शकतो. हे सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. १९८५ साली आलेला अख्खा मारिओ चाळीस किलोबाइटचा आहे. व्हॉट्सॅपवर रोज सकाळी येणारा सुप्रभातचा फोटो त्याहून जड असतो. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात दिशांचं अधिकचिन्ह काढलेलं असतं, उजवीकडे ए आणि बी अशी दोन गोल बटणं. आणि जुन्या यंत्रात मुळीच नव्हतं असं आणखी एक बटण असतं : रिवाइंड. मारिओ खड्ड्यात पडला की ते दाबून धरायचं. मारिओ खड्ड्यातून उलटा वर येतो, उडीच्या आधीच्या जागी उभा राहतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पळायला लागतो. दादाच्या टॅबवर हे सगळं माझ्या पुतण्यानं बसवून दिलं होतं. गेम विकत घेतलेला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आमच्या लहानपणची कॅसेटही नकलीच होती, म्हणजे त्या बाबतीत घराण्याची परंपरा अखंड आहे.

माझ्या प्रश्नामागे एक विचार होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. तो आधी मांडतो.

दिशांचं ते अधिकचिन्ह निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली, 'डाँकी काँग'च्या हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रासाठी केलं. त्याची खुबी अशी की अंगठा त्यावर ठेवला की बघावं लागत नाही. कडा लागतात, मधला खळगा लागतो, कुठली बाजू दाबली ते अंगठ्याला कळतं. नजर टीव्हीवर, हात आपल्या कामात. पुढच्याच वर्षी आलेल्या फॅमिकॉमच्या रिमोटवर (आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो) तेच चिन्ह आलं. मारिओमध्ये ए बटण जितका वेळ दाबून धराल तितकी उडी उंच जाते. बी धरून ठेवलं तर तो पळतो, आणि पळता पळता मारलेली उडी लांब पडते. म्हणून अंगठ्याच्या टोकानं बी धरून ठेवायचं आणि पेरानं ए दाबायचं, ही कला आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला यायची. कुणी शिकवली नव्हती.

या बटणांमुळे मारिओ पडला की पाडणारे आपणच, यात शंका नसायची. बटण उशिरा दाबलं, लवकर सोडलं, घाई केली. काय चुकलं ते हातालाच ठाऊक असायचं. "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणायची सोय नव्हती, कारण अंगण सपाट होतं. ते सपाट असण्यातच एक न्याय होता. चूक पूर्णपणे माझी होती म्हणून ती सुधारणंही माझ्या हातात होतं, आणि शेवटी जमलं तर ते जमणंही माझंच होतं. या तिन्ही गोष्टी एकाच दोरीत ओवलेल्या आहेत असं मला वाटायचं.

काचेवर ही दोरी तुटते. काचेला कडा नसतात. खेळाच्या भरात अंगठा केसभर सरकतो आणि आपण बटणाच्या बाहेर दाबत राहतो. बघायला जावं तर नजर मारिओवरून हटते. त्यात स्पर्श झाल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जाणारा वेळ वेगळाच. मारिओ पडतो आणि आपण म्हणतो, मी तर दाबलं होतं! इथे अंगण खरोखरच वाकडं आहे. मग चूक पुरती माझी राहत नाही. माझी नसलेली चूक पुसायला संकोच वाटत नाही, म्हणून रिवाइंडचं बटण येतं. आणि चुका पुसून पुसून मिळवलेला विजय तरी माझा कसा, असा हा माझा हिशेब होता.

याला आधारही सापडतो. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाचं १९७८ सालचं 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक खेळ म्हणजे काय याच प्रश्नाभोवती फिरतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की गरज नसलेले अडथळे आपणहून पत्करणं म्हणजे खेळणं. गोल्फचा चेंडू भोकात घालायचा एवढंच काम असेल तर हातानं उचलून टाकणं सगळ्यांत सोपं. पण मग तो गोल्फ होत नाही. काठीनं, लांबून, अवघड करून घालायचं आपण कबूल केलेलं असतं, आणि त्या कबुलीतच खेळ असतो. या मापानं पाहिलं तर खड्ड्यातून उलटा येणारा मारिओ म्हणजे हातानं उचललेला चेंडू. फोन ठेवल्यावर मी स्वतःला हेच समजावत होतो. प्रश्न रास्त होता, फार तर वेळ चुकली.

पण सूट्सच्या म्हणण्यातला "आपणहून" हा शब्द मी सोयीनं गिळला होता.

तीन वर्षांपूर्वी दुकानात ग्राइंडरचं चाक फुटलं आणि त्याचा तुकडा दादाच्या उजव्या मनगटात घुसला. ऑपरेशन झालं, नस शिवली. हात हलतो, पकड बऱ्यापैकी आली आहे, पण अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना स्पर्श जवळजवळ कळत नाही. शर्टाचं बटण लावताना त्याला बोटांकडे बघावं लागतं. तांब्याची तार बोटांतून सरकवत वेढे मोजणारा माणूस आता बाजूला बसून हाताखालच्या पोराला सांगतो, वाइंडिंग पोरगा करतो. मारिओ सुरू झाला तोही व्यायाम म्हणूनच. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी बोटं हलती ठेवा असं सांगितलं होतं.

दिवाळीला गेलो तेव्हा मी त्याच्यासाठी ब्लूटूथनं जोडायचा एक रिमोट घेऊन गेलो. खरी बटणं, खऱ्या कडा. माझ्या मते हा उपाय होता, आणि थोडंफार प्रायश्चित्तही. दादानं तो हातात घेतला, फिरवून पाहिला, एक टप्पा खेळला आणि बाजूला ठेवला.

"काय झालं?"

"चांगला हाय. पण मला काय, बटण पण काचच की."

मी गप्प बसलो. कडांच्या न्यायाबद्दलचा माझा सगळा सिद्धांत धड अंगठा असलेल्या माणसाचा होता. दादाला प्लॅस्टिकची कडही लागत नाही. उलट टॅबवर पुतण्यानं त्याचं ए बटण वड्याएवढं मोठं करून दिलं होतं आणि बी कायमचं दाबलेलं राहील अशी सोय केली होती. प्लॅस्टिकच्या रिमोटला हे कुठून जमणार? मला वाकडं वाटणारं अंगण त्याला त्यातल्या त्यात सपाट होतं.

आणि माझं अंगण तरी किती सपाट होतं? आपला टीव्ही पाल पद्धतीचा. त्याला जोडायच्या नकली यंत्रांत मारिओ सहसा सेकंदाला साठऐवजी पन्नास फ्रेमनं चालायचा, म्हणजे जपानी पोरांच्या मारिओपेक्षा सहाव्या हिश्शानं सावकाश. ज्या विजयाचा मला अभिमान तो बहुधा अशा सावकाश मारिओवरचा. 'कॉन्ट्रा' तर आम्ही तीस जीव घेतल्याशिवाय कधी खेळलोच नाही : वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. ही युक्ती मुळात कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ मध्ये 'ग्रेडियस' फॅमिकॉमवर आणताना तो तपासायचा तर शेवटपर्यंत खेळायला हवा, आणि तेवढा अवघड गेम त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी ही चोरवाट ठेवली. ती तशीच आत राहिली आणि पुढे कॉन्ट्रातही आली. आमच्या गल्लीत कुणी कधी "तीस जीव घेतलेस ना?" असं विचारलेलं मला आठवत नाही. मारिओतही एक-दोनमध्ये छतावरून चालत गेलं की थेट चौथ्या जगात जाता येतं, चार-दोनमधून आठव्यात. त्याला आम्ही हुशारी म्हणायचो. खुद्द निन्टेन्डोनंही २०१९ मध्ये आपल्या ऑनलाइन सेवेतल्या जुन्या गेमना रिवाइंड दिलं. मग दादाच्याच बाबतीत माझ्यातला पंच का जागा झाला?

याचं उत्तर मला आवडणारं नाही. आमच्या घरात आठ-चार संपवलेला मी एकटाच होतो. अकरा वर्षांचा असताना, मे महिन्यातल्या एका दुपारी. त्या दुपारी आम्ही नेहमीसारखे आळीपाळीनं खेळत होतो : मारिओ मेला की रिमोट दुसऱ्याकडे. आठव्या जगात माझा जीव गेला, पाळी दादाची होती. त्यानं रिमोट हातात घेतला आणि मला परत दिला. "तूच खेळ, लाइट जायच्या आत होऊ दे." त्याच्या वाटणीचे दोन जीव मी खेळलो आणि दुसऱ्यावर राणी सुटली. गल्लीत सांगताना हा तपशील मी गाळला. नंतरही गाळत आलो, इतका की तो मला खरोखर विसरायला झाला होता. फोनवर "रिवाइंड वापरलंस ना?" असं विचारताना मी न्यायाची बाजू घेत नव्हतो. मी माझी एकुलती एक ट्रॉफी कपाटात आत सरकवत होतो.

इथपर्यंत आल्यावर लेख संपवता आला असता. दादा बरोबर, मी कोता, रिवाइंडला माफी. पण ते खरं झालं नसतं, कारण दादा स्वतः रिवाइंडला सरसकट माफी देत नाही. हे मला त्याच दिवाळीत त्याच्या शेजारी बसल्यावर कळलं.

तो खेळत होता आणि मी बघत होतो. एकदा पडला, मागं घेतलं. पुन्हा पडला, मागं घेतलं. तिसऱ्यांदा अगदी तशाच खड्ड्यात पडला आणि त्यानं काहीच केलं नाही. मारिओ मेला, एक जीव गेला, टप्पा पहिल्यापासून.

"आता का नाही घेतलंस मागं?"

"ती उडीच चुकली. बोट निसटलं तर मागं घेतो. अंदाज चुकला तर मरू देतो."

"पण बोट निसटलं हे तुला कळतं कसं?" विचारून झाल्यावर मला वाटलं की हाही तसलाच प्रश्न झाला.

त्याला तसं वाटलं नसावं. "मी दाबायचं कधी ठरवलं ते मला माहीत असतंय की. ते पोचलं का नाही, तेवढंच कळत नाही."

याच्याइतकी नेमकी वाटणी मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. ठरवणं एक आणि पोचणं एक. ठरवण्यातली चूक आपली. तिची किंमत द्यायची. पोचण्यातली चूक काचेची किंवा नसेची; ती खेळानं मागितलेला अडथळा नाही, आणि ती दादानं आपणहून पत्करलेलीही नाही. तेवढीच तो परत करतो. सूट्सला हे पटलं असतं असं मला वाटतं.

पण दादाकडे हे पुस्तकातून आलेलं नाही, दुकानातून आलं आहे. जळालेली मोटार आली की पहिला वाद चूक कुणाची हाच असतो. गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं वाइंडिंग कच्चं. दादा मोटार खोलतो. काही कॉइली काळ्याठिक्कर आणि बाकीच्या नव्यासारख्या दिसल्या तर एक फेज गेलेला असताना मोटार चालू राहिली, हे सरळ आहे. त्यात वाइंडिंगचा दोष नाही, पैसे द्यावे लागतील. पण कुठे एकाच जागी इन्सुलेशन दबून तार उघडी पडलेली दिसली, तर तो गिऱ्हाइकानं विचारायच्या आत म्हणतो, हे आमचं, फुकट करून देतो. गिऱ्हाइकाला आतलं काही दिसत नाही, दिसलं तरी कळत नाही. दादा काय सांगेल तेच खरं. वीस वर्षं तो हे करत आला आहे. मारिओच्या खड्ड्यापाशी तो तेच करतो, एवढंच की इथे मोटार त्याची, गिऱ्हाईकही तोच.

मी पुण्याला परतलो आणि माझ्या फोनवर, दोन धड अंगठ्यांनिशी, दादाच्या नियमानं मारिओ खेळायला घेतला. बोट निसटलं तर मागं, अंदाज चुकला तर मरण. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास. पहिल्याच रात्री मी कागदावर रेघा ओढत गेलो : मागं घेतलं सत्तावीस वेळा, मरू दिलं दोन वेळा. म्हणजे माझ्या साक्षीप्रमाणे एकोणतीस पडण्यांपैकी सत्तावीस काचेच्या दोषानं झाली. ज्या माणसाला बोटांत स्पर्श नाही त्याच्यापेक्षा माझी बोटं जास्त निसटत होती!

आठ-एकमध्ये शेवटाकडे खड्ड्यांच्या मधोमध एकाच विटेएवढा खांब आहे. पळत येऊन त्यावर उतरायचं आणि लगेच पुढची उडी मारायची. तिथे पडलो आणि दुसऱ्याच क्षणी मारिओ उलटा वर येताना दिसला. बोट निसटलं की अंदाज चुकला, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारलाच नव्हता. अंगठ्यानं निकाल देऊन टाकला होता. कारण मी मागाहून शोधणार होतो, आणि ते सापडलंही असतं.

लहानपणी हे शक्य नव्हतं. तिथे निकाल यंत्र द्यायचं आणि रिमोट दादाच्या हातात जायचा. माझी साक्ष कुणी काढत नव्हतं. तेव्हा मी प्रामाणिक होतो असं मला वाटत आलं, पण खरं तर अप्रामाणिक व्हायला तिथे जागाच नव्हती. आणि जिथे जागा होती, म्हणजे गल्लीत सांगताना, तिथे मी काय केलं ते वर लिहिलंच आहे. काचेनं खेळ सोपा केला की बिघडवला हा वाद मला आता तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. काचेनं साक्षीदार, आरोपी आणि न्यायाधीश एकाच माणसाला केलं, आणि अंगण वाकडं असल्याचा खराखुरा पुरावाही त्याच्या हातात ठेवला. एरवी पुरावा खोटा असतो म्हणून सबब ओळखू येते. इथे पुरावा खरा आहे. अंगण वाकडं आहेच. तरीही या वेळी, या उडीला, नाचताच आलं नव्हतं, हे मला एकट्यालाच म्हणता येणार आहे. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, आणि दुसऱ्या कुणी विचारूही नये. "रिवाइंड वापरलंस ना?" हा प्रश्न दादाला विचारण्याचा अधिकार मला नव्हता तो या कारणानं. उत्तर ज्याच्यापाशी आहे त्यानंच तो विचारायचा असतो, आणि दादा तो माझ्या कितीतरी आधीपासून, प्रत्येक खड्ड्यापाशी, विचारत आला होता.

परवा रविवारी मी दादाला फोन केला. माफी वगैरे आमच्यात मागत नाहीत. मी म्हणालो, त्या मे महिन्यातल्या दुपारी तुझे दोन जीव मी खेळलो होतो, आठवतं का?

"दोन नव्हे, तीन," तो म्हणाला. "बरं, तुझं कुठवर आलंय?"

"आठ-एकला अडकलोय. तो खांब."

"बोट निसटतंय का उडी चुकतीय?"

मी जरा थांबलो. "उडी."

"मग मर की," दादा म्हणाला, "आणि परत खेळ."